मदत हवी आहे: घड्याळजी टॉम्पियनची मालमत्ता कोणाला गेली?

मंडळी, लंडनचा नामांकित घड्याळजी थॉमस टॉम्पियन याच्यावर लेख लिहितोय. लोहाराचा मुलगा, अविवाहित, १७१३ मध्ये वारला. फ्लीट स्ट्रीटवरचा धंदा पुढे जॉर्ज ग्रॅहमने चालवला. ग्रॅहम त्याचा भागीदार आणि पुतणीचा नवराही, म्हणजे घरचाच जावई. (१७५१ मध्ये ग्रॅहमला वेस्टमिन्स्टर ॲबीत टॉम्पियनच्याच थडग्यात पुरलं!)

माझं घोडं अडलंय ते कायद्यापाशी. त्या काळी मृत्युपत्र चर्चच्या कोर्टात सिद्ध व्हायचं. मृत्युपत्र नसेल तर मालकीची जमीन आधी थोरल्या मुलाकडे जायची. रोकड, अवजारं, अगदी भाडेपट्ट्याचं घरसुद्धा जंगम समजून बायकामुलांत वाटलं जायचं. पण मूलबाळच नसेल तर? जमीन एकट्या थोरल्या भावाकडे आणि बाकीचं सगळ्या भावंडांत, असंच ना?

दुसरं, लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून अशी जुनी मृत्युपत्रं कोणी उतरवून घेतली आहेत का? ते वळणदार अक्षर लावायला मोडी वाचण्याचा सराव कितपत कामी येतो? आणि दुकानाचा नावलौकिक, गिऱ्हाइकं, शिकाऊ पोरांचे करार हे मृत्युपत्रात लिहीत, की आधीच्या भागीदारीतच ठरलेलं असे? इंग्रजी वारसाकायदा शिकलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.