अनुभव धागा : गच्चीवरचं सोलर आणि त्यापायी केलेले उद्योग

मंडळी, सोलर बसवावं का, अनुदान किती, पैसे किती वर्षांत वसूल, यावर बोलून झालंय. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान सुरू झालं आणि आमच्या गल्लीत एकेक करत गच्च्या काळ्यानिळ्या व्हायला लागल्या. ती माहिती एजंट लोकांना तोंडपाठ असते. इथे त्यांच्या माहितीपत्रकात नसलेलं लिहा: घरात काय बदललं, कोण कुरकुरलं, तुम्ही हौसेपोटी काय काय जोडलं नि तोडलं. छंद कुठलाही असो, सोलरशी त्याची गाठ पडली असली की झालं.

वर गाव आणि संचाची क्षमता घाला. सुरुवात मीच करतो.

पुणे, 3 किलोवॅट

पोटापाण्यासाठी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि सोलर बसल्यापासून संध्याकाळीही तेच करतो. सोलरच्या इन्व्हर्टरसोबत (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) वायफायची एक कांडी येते. ती दर पाच मिनिटांनी आकडे कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला पाठवते आणि तिथून ते माझ्या मोबाइलवर येतात. माझ्याच डोक्यावर किती वीज तयार झाली ते मला असं जगाला वळसा घालून कळणार, आणि इंटरनेट गेलं की तेही नाही! शिवाय अ‍ॅप उघडलं की आधी ‘तुम्ही इतकी झाडं वाचवलीत’. कुठली झाडं, कुणी मोजली, देव जाणे.

बऱ्याच इन्व्हर्टरांना तळाशी आरएस-485 चं, म्हणजे तारेवरून आकडे देणारं, पोर्ट असतं. तिथून दोन तारा काढल्या, यूएसबीच्या छोट्या कन्व्हर्टरने जुन्या रास्पबेरी पायला (तळहाताएवढा संगणक) जोडल्या आणि मॉडबसवरून, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या भाषेतून, येणारे आकडे होम असिस्टंटमध्ये घेतले. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, घरातल्या घरात चालतं आणि 2021 पासून त्यात विजेच्या हिशोबाचा वेगळा डॅशबोर्डही आहे. गंमत रजिस्टरांमध्ये, म्हणजे इन्व्हर्टर आकडे ठेवतो त्या कप्प्यांमध्ये, आहे. 32 बिटांचा आकडा 16-16 बिटांच्या दोन तुकड्यांत येतो, आणि वरचा तुकडा आधी की खालचा, हे मॉडेलगणिक बदलतं. उलटे जोडले तर 3 किलोवॅटचे होतात सुमारे 197 मेगावॅट, म्हणजे कोयना प्रकल्पाच्या क्षमतेचा दहावा हिस्सा, तोही आमच्या टाकीशेजारी.

या सगळ्यातून बिल कमी झालं का? नाही. साध्या नेट मीटरिंगमध्ये आपण लाइनवर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून युनिटला युनिट वजा होते, त्यामुळे कपडे दुपारी धुतले काय नि रात्री धुतले काय, हिशोब तोच. तरीही आमच्याकडे वॉशिंग मशीन बाराच्या उन्हातच लागतं. आलेख पाहायची सवय लागली की माणूस असा वागतो. बाकी एक धडा मात्र पैशांचा आहे: शिल्लक युनिटांचं खातं 31 मार्चला बंद होतं आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा दर किरकोळ असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच घेऊन ‘वीज विकून कमावू’ म्हणणाऱ्यांनी आधी हिशोब मांडावा.

नाशिक, 4 किलोवॅट

आमच्याकडे विरोध पैशांवरून नव्हताच. सासूबाईंचा सवाल एकच: “वाळवण कुठे घालायचं?” कुरडया, सांडगे, तिखट, गहू, सगळं गच्चीवर. सोलरवाला म्हणाला, सांगाडा आठ फूट उंच करू, खाली मोकळी जागा राहील. जागा राहील हो, पण सावलीत कुरडई वाळते का?

मला ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी चित्रं करायचा नाद आहे. त्यात सूर्याची जागा तारीख-वेळेनुसार लावणारं अ‍ॅड-ऑन आहे. गच्ची, कठडा, टाकी सगळं मापाने उभं केलं आणि एप्रिल-मेचे दिवस फिरवून पाहिले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य नाशिकच्या अगदी डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी पॅनलची सावली बरोबर पॅनलखालीच. पण सकाळी ती पश्चिमेला पडते. पॅनल पश्चिमेच्या अर्ध्या भागात घेतली तर पूर्वेची पट्टी सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत उन्हात राहते, हे सासूबाईंना पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, “टाकीपण हलव गं जरा.” टाकी हलली नाही, पण तिची हिवाळ्यातली सावली उत्तरेला पडते म्हणून पॅनल तिच्या दक्षिणेला आली.

रत्नागिरीजवळ, 3 किलोवॅट

जूनमध्ये वादळात लाइट गेली, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, आणि घरात पंखा बंद. बाबा भडकलेच, “मग ही एवढी काच कशाला चढवली छपरावर?” त्यांना समजावताना तोंडाला फेस आला. ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइनवरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. तसा तो पडला नाही तर आपली वीज उलटी लाइनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हे ऐकल्यावर बाबा गप्प झाले, कारण गावचा वायरमन त्यांचा पत्त्यांतला भिडू.

कोकणातल्यांनी पहिल्यापासून हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा) आणि छोटी लिथियम बॅटरी यांचाच विचार करावा, असं माझं मत. खर्च वाढतो, पण आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं हा अपवाद नसतो. आणि वानरांचं काय करता, तेही कुणीतरी लिहा. आमच्याकडे ते पॅनलवर बसून फणस खातात.

कोल्हापूर, 5 किलोवॅट

मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेने बिनतारी संपर्क साधणारा. सोलर चालू झाल्यापासून 40 मीटर बँडवर (आमच्या वापरातला एक लहरींचा पट्टा) सकाळी सूर्याबरोबर खरखर उगवायची आणि संध्याकाळी मावळायची. दोष इन्व्हर्टरमधल्या वेगवान स्विचिंगचा, आणि पॅनलपासून येणाऱ्या डीसीच्या लांब केबली त्याला अँटेनासारखी साथ देतात. माझ्या गच्चीवर प्लसची तार एका बाजूने आणि मायनसची दुसऱ्या बाजूने आणली होती, मधे प्रचंड मोठा वेढा. दोन्ही एकत्र चिकटवून एकाच पाइपातून आणल्या आणि इन्व्हर्टरपाशी फेराइटची (खरखर अडवणारा चुंबकीय पदार्थ) कडी चढवली. खरखर बरीच उतरली, गेली नाही. नवीन बसवणाऱ्यांनी, रेडिओ नसला तरी, तारा जवळजवळच घ्यायला सांगा. विजा चमकतात तेव्हाही मोठा वेढा वाईटच.

म्युनिक, बाल्कनी

भाड्याच्या घरात छप्पर कुठलं? पण जर्मनीत बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनल टांगून प्लग सरळ भिंतीत खोचता येतो. 2024 पासून इन्व्हर्टरची मर्यादा 800 वॅट आहे, सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नाव घातलं की काम झालं. माझा छोटा इन्व्हर्टर रेडिओलहरींवरून आकडे पाठवतो. ओपनडीटीयू नावाचं मुक्त सॉफ्टवेअर ईएसपी32 च्या (वायफायची चिप) बोर्डवर चढवलं की कंपनीच्या अ‍ॅपची गरजच उरत नाही. डिसेंबरात मात्र इथला सूर्य भर दुपारी जेमतेम 18-19 अंश वर येतो. पुण्यात तेव्हाही तो 48 अंशांवर असतो. तुमच्या गच्च्यांचे फोटो पाहून जळफळाट होतो, एवढंच.

नागपूर, 3 किलोवॅट

ऊन जास्त म्हणून वीज जास्त, हा भ्रम मेमध्ये फिटतो. पॅनलवर छापलेले वॅट 25 अंश तापमानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट, आणि आमच्याकडे दुपारी पॅनल 65 च्या घरात. माझे विक्रमी दिवस फेब्रुवारी-मार्चचे आहेत.

पुणे, पुन्हा मीच

आकाशदर्शनवाल्यांसाठी: 2 ऑगस्ट 2027 च्या सूर्यग्रहणात आपल्याकडे खंडग्रास दिसायला हवं, तेही दिवस कलताना. भर पावसाळा, त्यामुळे चष्म्यातून काही दिसेलच असं नाही. पण ढगाआडूनही उत्पादनात खळगा पडायला हवा. नोंदीचं अंतर आधीच पाच मिनिटांवरून दहा-पंधरा सेकंदांवर आणून ठेवा. नाहीतर ढग कुठला आणि चंद्र कुठला, आलेखात कळायचं नाही.