घाट चढताना ताकद सोडणारी जुनी डिझेल एसयूव्ही: टर्बो बदलावा, की आधी आणखी काही तपासावे?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार. आमच्याकडे २०११ सालची डिझेल एसयूव्ही आहे. चासिसवर बॉडी बसवलेली, मागील चाकांवर चालणारी, २.२ लिटरचे कॉमन रेल इंजिन (एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या सिलिंडरना डिझेल पुरवणारे), व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग) अशी तिची रचना आहे. गाडी सव्वादोन लाख किलोमीटर चालली आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार कंपनीविषयी नाही, गाडीच्या वयामुळे उद्भवलेली आहे. शिवाय त्या काळातील या वर्गाच्या बहुतेक गाड्यांची यंत्रणा एकमेकींशी मिळतीजुळती आहे.

पाटण, कोयनानगर मार्गे चिपळूणला आमचे नेहमी जाणे-येणे असते. सपाट रस्त्यावर गाडी व्यवस्थित चालते. परत येताना मात्र पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढू लागलो की मधल्या टप्प्यात, तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण दोन-अडीच हजार आरपीएमवर एकाएकी ताकद जाते आणि डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागतो. त्यानंतर ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन एका मर्यादेपलीकडे फिरत नाही. गाडी बाजूला घेऊन बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ सारे ठीक होते.

याखेरीज दोन तक्रारी आहेत. एसी चालू ठेवून घाट चढताना तापमानाचा काटा, जो एरवी निम्म्याच्या खाली असतो, तो पाऊणपर्यंत जातो. आणि थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना खालून एक ‘ठक्’ असा आवाज येतो. साठ-सत्तरच्या वेगाला तळाशी थरथरही जाणवते.

एका गॅरेजमध्ये टर्बो बदलावा लागेल असे सांगितले, दुसऱ्या ठिकाणी चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले असे सांगितले. दोन्हीकडे दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला नाही किंवा दाबही मोजला नाही. नोंदणीची १५ वर्षे आता पूर्ण होत आली आहेत आणि पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून गाडी ठेवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. प्रवासात वृद्ध वडील सोबत असतात, त्यामुळे घाटात गाडी अडकू नये ही काळजी आहे. तपासणीची सुरुवात कोठून करावी?

सांगलीकर_डिझेल

नमस्कार. मी डिझेल यंत्रणेच्या दुरुस्तीचेच काम करतो. माझी पहिली विनंती अशी की, या तीन तक्रारींना एकच कारण असेल असे गृहीत धरू नका आणि मोजमाप झाल्याशिवाय टर्बो किंवा इंजेक्टर यांपैकी काहीही विकत घेऊ नका. या दोन वस्तूंची किंमत मोठी आहे, आणि बदलल्यानंतर त्या परत करता येत नाहीत.

आपण वर्णन केलेली अवस्था म्हणजे ‘लिंप मोड’. इंजिनाच्या ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) अपेक्षित असलेला दाब आणि सेन्सरने दाखवलेला दाब यांत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक फरक पडला, तर इंजिनाचे नुकसान होऊ नये म्हणून ईसीयू स्वतःहून ताकद कमी करतो. किल्ली बंद करून पुन्हा फिरवल्यावर गाडी पूर्ववत होते, याचा अर्थ दोष कायमचा नसून भार आल्यावरच प्रकट होणारा आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की कमी पडतो तो दाब डिझेलचा आहे की हवेचा.

याचे पहिले उत्तर धुराकडे पाहून मिळते. घाटात आपल्या मागे ओळखीच्या माणसाला दुसऱ्या गाडीतून यायला सांगा आणि ताकद जाण्याच्या क्षणी सायलेन्सरमधून काय निघते ते पाहायला सांगा. दाट काळा धूर निघत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण ते जाळण्यापुरती हवा मिळत नाही. धूर मुळीच न निघता गाडी नुसतीच मंदावत असेल, तर डिझेलच अपुरे पडते आहे. ही खूण शंभर टक्के निर्णायक नाही, परंतु तपासणीची दिशा ठरवण्यासाठी मला तिचा आजवर फार उपयोग झाला आहे.

डिझेल अपुरे पडत असेल, तर सर्वांत आधी डिझेल फिल्टर बदला आणि त्याच्या तळाशी साचलेले पाणी कशा प्रकारचे आहे ते पाहा. गंजाचा तांबूस गाळ निघाला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. त्यानंतर फिल्टर आणि पंप यांच्या मधल्या कमी दाबाच्या पाइपच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावून इंजिन चालवा. नळीत बुडबुडे दिसले तर कोठून तरी हवा ओढली जात आहे. या वयाच्या गाडीत ती बहुधा कडक झालेल्या रबरी पाइपच्या टोकाशी किंवा हातपंपाच्या फुग्यापाशी शिरते. इंजेक्टरवर संशय असेल तर ‘लीक-ऑफ’ चाचणी मागा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांमध्ये सोडून इंजिन ठरावीक वेळ चालवतात; एखाद्या बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल जमले तर तो इंजेक्टर आतून झिजलेला असतो. चारही एकाच वेळी निकामी झाले असे कोणी म्हणत असेल, तर त्यांच्याकडे या बाटल्या पाहायला मागाव्यात.

एक सूचना कळकळीने करतो. इंजिन चालू असताना रेलकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपचे नट कोणीही सैल करू नयेत. जुन्या पद्धतीच्या पंपावर ‘एअर काढण्यासाठी’ असे करण्याची सवय अनेक मिस्त्रींना आहे. परंतु कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरून हात कायमचा गमावण्याची वेळ येऊ शकते.

काळा धूर निघत असेल, तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज उतरवून तपासा. ते जागेवर असताना चांगले दिसतात, पण क्लॅम्पच्या आत किंवा वळणाच्या पोटात चिरलेले असतात. ही चीर इंजिन आयडलवर असताना मिटलेली राहते आणि घाटात दाब वाढला की उघडते. ज्या ठिकाणी बाहेरून तेलकट काळा डाग दिसेल तेथे प्रथम पाहावे. त्यानंतर टर्बोच्या ॲक्च्युएटरची (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाची) दांडी पाहा: इंजिन सुरू करताच ती ओढली गेली पाहिजे आणि बंद करताच अडखळल्याविना परत आली पाहिजे. दांडी हलत नसेल तरी लगेच टर्बोला दोष देऊ नका. तिला हलवणारा व्हॅक्यूम बारीक रबरी नळ्यांतून आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून येतो आणि त्या नळ्या उष्णतेने तडकतात. या प्रकारच्या अनेक इंजिनांत हा व्हॅक्यूम तयार करणारा पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो आणि ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरलाही तोच व्हॅक्यूम पुरवतो. म्हणून विचारतो, आपल्या ब्रेकचे पेडल अलीकडे कडक लागते का? लागत असेल तर ते आधी पाहा, कारण तो घाटातील सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

हे सर्व करण्यापूर्वी स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. पी००८७ आला तर रेलचा दाब कमी आहे, पी०२९९ आला तर टर्बोचा दाब कमी आहे. भारतात ओबीडी-२ ची (गाडीतील दोष नोंदवणाऱ्या प्रमाणित यंत्रणेची) सक्ती एप्रिल २०१३ पासून आली, त्यामुळे ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर आपल्या गाडीशी जोडला जाईलच याची खात्री नाही. गॅरेजमधला मोठा स्कॅनर वापरावा आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्यावा.

वर्णा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तापमानाविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहिते, कारण घाटात ताकद जाण्याची तक्रार सुटली की ही तक्रार मागे पडते, आणि प्रत्यक्षात इंजिनाचे हेड खराब करणारी हीच असते.

पहिली गोष्ट, कोणत्याही मिस्त्रीने ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड चालेल’ असे सुचवले तर नम्रपणे नकार द्या. आपल्याकडे हा उपाय फार सर्रास केला जातो आणि मला तो पूर्णपणे चुकीचा वाटतो. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा मार्ग उघडणारी झडप) काढल्यावर सपाट रस्त्यावर इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, डिझेल अधिक जळते, इंजिनाची झीज वाढते आणि घाटातला मूळ दोष तसाच राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रेडिएटरचे झाकण. फार तर काही शे रुपयांची ही वस्तू असल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही. यंत्रणेत वातावरणाहून एक बार अधिक दाब असेल, तर साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळते; झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी होऊन तो दाब टिकला नाही, तर ते १०० अंशांनाच उकळू लागते. झाकण गरम असताना उघडू नये, हे आपल्याला ठाऊक असेलच.

तिसरी, रेडिएटर बाहेरून धुतलेला दिसला तरी एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, कीटक आणि गवताचा थर साचलेला असतो. आपली तक्रार एसी चालू असतानाच जाणवते, हे लक्षात घेता मी ही फट आधी पाहीन. कंडेन्सर सैल करून, मागून पुढच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवायला सांगा.

चौथी, आपल्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा असेल तर त्याची व्हिस्कस कपलिंग (तापमानानुसार पंख्याला इंजिनाच्या फिरण्याशी जोडणारा भाग). त्यातील सिलिकॉन द्रव वर्षांनुवर्षे थोडा थोडा झिरपून जातो. इंजिन चांगले तापल्यावर ते पूर्ण बंद करून, किल्ली हातात ठेवून, पंखा हाताने फिरवून पाहा. त्याला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. तो मोकळेपणाने फेऱ्या घेत राहिला तर कपलिंग संपली आहे.

हे सारे निर्दोष निघाले तरच हेड गॅस्केटचा (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलचा) विचार करावा. थंड इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, किंवा इंजिन गरम होण्याआधीच रेडिएटरचा वरचा होज टणक होत असेल, तर मात्र गाडी घाटात नेऊ नये.

वाशिष्ठी (चिपळूण)

मी केवळ तळाविषयी लिहितो. गाडी उचलताना येणारा ‘ठक्’ आणि ठरावीक वेगाला येणारी थरथर, ही जोडी असेल तर गिअरबॉक्सकडून मागील चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (फिरत्या सांध्यावर) माझा पहिला संशय राहील. मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्या वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये घ्या. इंजिनाचा वेग उतरूनही थरथर तशीच राहिली, तर कारण शाफ्टमध्ये किंवा चाकांत आहे. ती थांबली, तर इंजिन माउंटिंग पाहावे. त्यानंतर गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून उभी करा आणि क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलट दिशांना पिळा. तेथे जराही ढिलाई नसावी. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबडी पूड दिसली, तर आतील सुयांचे बेअरिंग कोरडे पडून गंजले आहे असे समजावे.

तळाशी गेलाच आहात तर चासिसही नीट पाहून घ्या. आमच्याकडच्या पावसात आणि दमट हवेत वारंवार येणाऱ्या गाडीचा गंज बाहेरून दिसत नाही. चासिसच्या पोकळ भागात चिखल साचून तो आतून खातो. हातोडीने हलके ठोकत जावे आणि ज्या ठिकाणी आवाज बद्द येईल ती जागा खरवडून पाहावी. पुढील पाच वर्षे गाडी ठेवायची की नाही, याचा निर्णय मी टर्बोपेक्षा या तपासणीवर घेईन, कारण इंजिनाचा कोणताही भाग बदलता येतो, परंतु आधाराच्या जागी कुजलेले चासिस जोडून पुन्हा भरवशाचे करता येत नाही.

कृष्णाकाठ (कराड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासणीत जे आढळले ते लिहितो, म्हणजे अशीच तक्रार असणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

माझे मेहुणे मागून येत होते. ताकद गेली त्या वेळी त्यांना दाट काळा धूर दिसला. स्कॅनरवर पी०२९९ हा एकच कोड होता. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारा होज उतरवला असता क्लॅम्पच्या काठालगत जवळपास बोटभर लांबीची चीर आढळली, आणि ॲक्च्युएटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळीही टोकाशी तडकलेली होती. ब्रेकचे पेडल मात्र पूर्वीसारखेच आहे. ॲक्च्युएटरची दांडी नवी नळी लावल्यावर व्यवस्थित हलते. होज आणि नळ्या बदलल्यानंतर गाडीने पूर्ण भार घेऊन कुंभार्ली घाट चढला आणि दिवा लागला नाही. टर्बो आणि इंजेक्टर आहेत तेच आहेत.

तापमानात थोडा फरक पडला आहे, पण काटा अजूनही निम्म्याच्या वर जातो. गरम इंजिन बंद करून पाहिले तेव्हा पंखा अगदी मोकळा फिरत होता. क्रॉसमध्ये ढिलाई आहे आणि टोप्यांभोवती तांबडी पूडही आहे. चासिसवर वरवरचा गंज आहे, पण ठोकून पाहिल्यावर सर्वत्र खणखणीत आवाज आला.

वर्णा

वाचून फार समाधान वाटले. होज बदलल्यावर तापमान थोडे उतरले ते स्वाभाविक आहे; हवा कमी आणि डिझेल जास्त अशा अवस्थेत एक्झॉस्टचे तापमान वाढते आणि तो भार कूलिंगवरही येतो. आता व्हिस्कस कपलिंग बदला. द्रव भरून तात्पुरती दुरुस्ती करून देणारे भेटतात, परंतु वडिलांना घेऊन घाटात जायचे असेल तर मी नवी कपलिंगच घालीन. त्याच वेळी कंडेन्सरमागची सफाई, नवे झाकण आणि कूलंट ही कामे उरकून घ्या; कूलंट शुद्ध स्वरूपातील असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे मिसळावे, नळाचे पाणी घालू नये. कपलिंग लागेपर्यंत घाटात एसी बंद ठेवा आणि काटा पाऊणच्या पुढे सरकू लागला तर थांबा.

सांगलीकर_डिझेल

नव्या होजचे क्लॅम्प काही दिवसांनी इंजिन थंड असताना एकदा पुन्हा आवळून घ्या, कारण नवे रबर बसल्यावर ते थोडे सैल होतात. कोड पुसून झाल्यानंतर पुन्हा एकदा स्कॅनर लावून, घाटात ईसीयूने मागितलेला टर्बोचा दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन आकडे शेजारी-शेजारी पाहा. ते एकमेकांच्या जवळ राहिले तर टर्बोची काळजी सोडून द्या.

वाशिष्ठी (चिपळूण)

चासिस खणखणीत आहे ही सर्वांत चांगली बातमी. गंज खरवडून, प्रायमर लावून, पावसाळ्याआधी अंडरकोटिंग करून घ्यावे; ओल्या किंवा चिखल लागलेल्या चासिसवर कोटिंग केले तर गंज आत कोंडला जातो. क्रॉस बदलायला देताना शाफ्ट उतरवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर पांढऱ्या रंगाने खुणा करायला सांगा आणि बसवताना त्या खुणा जुळल्या आहेत ना, हे स्वतः पाहा. शाफ्टचा सरकता जोड एखाद्या खाचेने जरी चुकीचा बसला, तरी नवे क्रॉस घालूनही थरथर पहिल्यापेक्षा वाढते.