घरवापसी सगळ्यांच्या वाट्याला आली नाही
'स्टालिन गेल्यावर हद्दपार केलेले लोक आपापल्या गावी परतले' हे म्हणणं कॉकेशसमधल्या चेचेन लोकांपुरतं ठीक आहे. नेते मुस्तफा जेमिलेव यांच्या क्रिमियन तातारांना, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियातल्या मुस्लिम समाजाला, ते लागू होत नाही. मे १९४४मध्ये जेमिलेव यांच्या कुटुंबाला उझबेकिस्तानात नेलं, तेव्हा ते जेमतेम ६ महिन्यांचे होते. १९४८च्या सोव्हिएत हुकुमाने तर नेमून दिलेली वस्ती सोडून पळणाऱ्याला २० वर्षं सक्तमजुरी ठरली. १९५६मध्ये निर्बंध उठले, पण क्रिमियाचं दार बंदच राहिलं.

आणि त्यांचं जन्मगाव आय-सेरेझ? त्याचं नाव केव्हाच बदलून रशियन 'मेझ्दुरेच्ये' करून टाकलं होतं. घरी ज्या गावाच्या आठवणी निघतात, ते गाव पोराला नकाशात सापडूच नये, हे मला हद्दपारीइतकंच क्रूर वाटतं.