टर्मिनल टेबल एक्सेलमध्ये उरकणाऱ्यांसाठी

डिनरेल३५
कंट्रोल पॅनलमध्ये वायर जिथे जोडतात ते ठोकळे म्हणजे टर्मिनल, आणि कुठल्या टर्मिनलला कुठली वायर याची यादी म्हणजे टर्मिनल टेबल. परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं, "टर्मिनल स्ट्रिप एडिटर शिकण्यात महिना घालवण्यापेक्षा एक्सेलमध्ये अर्ध्या तासात टेबल होतं. वायरमनला शेवटी कागदच हवा असतो." (एडिटर म्हणजे ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधलं, हे टेबल काढून देणारं साधन.) खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अर्ध्या तासात होतं, मान्य. पण ते पहिलं टेबल. मग क्लायंट दोन लिमिट स्विच वाढवतो, एक सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची कॉइल) काढतो, आणि स्कीमॅटिकवर, म्हणजे सर्किटच्या ड्रॉइंगवर, वायर २०७ ची २११ होते. एक्सेलला त्याचा पत्ताच नसतो. साईटवर एकाच पॅनलची तीन सत्यं फिरतात: ड्रॉइंग एक सांगतं, टेबल दुसरं आणि वायरच्या टोकावरचं नंबराचं फेरूल तिसरंच.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये टर्मिनल स्कीमॅटिकवर टाकलं, स्ट्रिपचा टॅग दिला, की कुठली वायर आणि पलीकडे कुठलं डिव्हाइस ते एडिटर स्वतः उचलतो. रेलवरचा (टर्मिनल बसतात त्या पट्टीवरचा) लेआउट, टेबल आणि जंपर (शेजारची टर्मिनल जोडणारी पट्टी) चार्ट हे तिन्ही एकाच जागेतून निघतात. स्पेअर (रिकामी ठेवलेली टर्मिनल) आणि स्ट्रिप टोकाला धरून ठेवणारे एंड क्लॅम्पही तिथेच घालायचे.

आता माझा स्वतःचा अनुभव. नोकरीच्या सुरुवातीला मीही एक्सेलवालाच होतो. १२० टर्मिनल, ५.२ मिमी रुंदीची, म्हणजे ६२४ मिमी. रेल कापली ७००. ऐनवेळी क्लायंट म्हणाला, सगळी ४ स्क्वेअर मिमी वायरची द्या. ती ६.२ ची. झाले ७४४, वर दोन एंड क्लॅम्प ९.५ चे. ७६३ मिमीची स्ट्रिप ७०० च्या रेलवर! माउंटिंग प्लेट पावडर कोटिंग होऊन आली होती. दुसरी रेल मारली, वायरचा डक्ट सरकवला, अर्ध्या वायर आखूड पडल्या. त्या रात्री भोसरीत दीड वाजता वायरमन माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात भरायची?

नऱ्ह्याचा_एक्सेलवाला
ते सद्गृहस्थ मीच. नमस्कार.

तुमच्या सॉफ्टवेअरला ६.२ कोणी सांगितलं असतं? कॅटलॉग तुम्हीच बदलणार ना? नाही बदललात तर तेही ५.२ नेच रेल काढून देतं, आणि वर सुबक काढून देतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आमच्याकडे सहा माणसं. डिझाइन मी, परचेस मी, टेम्पो आला की उतरवून घेणाराही मीच. तुमचा तो एडिटर मी उघडला होता, नाही असं नाही. मध्ये टर्मिनल आणि दोन्हीकडे रकानेच रकाने. निम्म्या फील्डच्या, म्हणजे पॅनलबाहेरच्या, वायर आतल्या बाजूला जाऊन बसलेल्या. एकेक निवडून उलटवत बसलो, चहा गार झाला. तेव्हापासून एक्सेल.

डिनरेल३५
लोकेशन कोड (डिव्हाइस कुठे बसलंय ते सांगणारे) भरले होते का? ते भरले की अख्खं लोकेशन एका फटक्यात बाहेरच्या बाजूला टाकता येतं. एकेक उलटवत बसायची शिक्षा तुम्ही स्वतःलाच करून घेतलीत.

नऱ्ह्याचा_एक्सेलवाला
नव्हते भरले. पण हे "शिकायला सोपं" या सदरात मोडत नाही, एवढं तरी मान्य करा.

चाकणकर_डिझाइन
दोघेही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. टेबल कशातही करा, वायरमन ते बघतच नाही. ज्या टर्मिनलला एक वायर लिहिली, तिथे दोन सापडतात. एका भोकात दोन, जमल्यास तीन. ऑफिसात आम्ही डोकं फोडून लेआउट करायचा आणि खाली जाऊन बघावं तर यांचं आपलं वेगळंच राज्य.

पिवळा_हायलायटर
मी वायरमन. आयटीआय, बावीस वर्षं पॅनल वायरिंग, आता सुपरवायझर. जरा बोलू का साहेब?

एका भोकात दोन वायर का जातात माहितीये? तुमच्या ड्रॉइंगवर टर्मिनल १२, १३, १४ एकाच वायर नंबरची असतात, पण बीओएममध्ये (सामानाच्या यादीत) जंपर नसतो. स्टोअरला विचारलं तर म्हणतो, आला नाही. डिस्पॅच उद्या. मग आम्ही वायरच्या तुकड्याने लूप मारतो. लूप मारला की एका भोकात दोन येणारच. ते राज्य आमचं नाही, तुम्ही विसरलेल्या जंपरचं आहे.

आणि वायरमन टेबल बघत नाही म्हणता? माझ्याकडे या. एकेक वायर झाली की टेबलवर पिवळी रेघ मारतो. काम संपतं तेव्हा अख्खा कागद हळदीला बसलेला असतो.

चाकणकर_डिझाइन
जंपर नसेल तर काम थांबवून विचारायचं. फोन असतो ना खिशात?

पिवळा_हायलायटर
फोन केला की "मीटिंगमध्ये आहे".

ऐका एक. रांजणगावला एक मशीन होतं, मधेच बंद पडायचं. दिवसा चालतं, रात्री बंद. तीन रात्री काढल्या. शेवटी स्क्रू टर्मिनलमध्ये २.५ च्या वायरशेजारी ०.७५ ची सापडली, एकाच भोकात. जाडीवर स्क्रू बसतो, बारीक तशीच ढिली राहते. व्हायब्रेशन झालं की सुटते. आता हे कोणी केलं? टेबलवर तसंच छापलेलं होतं! एकाच टर्मिनलला दोन डिव्हाइस. वायरमनने लिहिलं तसं केलं. शिव्या कोणी खाल्ल्या ते विचारू नका.

चाकणकर_डिझाइन
एका उदाहरणावरून सगळ्या डिझाइनर लोकांना झोडपू नका. बावीस वर्षं अनुभव म्हणता, तर छापलेलं चूक आहे हे कळायला नको?

पिवळा_हायलायटर
वा! लिहिल्याप्रमाणे केलं तर अक्कल वापरली नाही, अक्कल वापरली तर वेगळं राज्य. ठरवून सांगा, तसं वागतो.

गुरुवारची_सुट्टी
मी पाच वर्षं पॅनल शॉप आणि पाच वर्षं ड्रॉइंग ऑफिस असं दोन्हीकडे मीठ खाल्लंय. हायलायटर दादा बरोबर बोलताहेत. चाकणकर, तुमची भाषा जरा आवरा.

एडिटरच्या कॅटलॉगमध्ये एका जोडणीला किती वायर चालतात तो रकाना असतो. किती जण तो नीट भरतात? स्पेअर वीस टक्के मागतात, तेही सगळे स्ट्रिपच्या शेवटी ढकलून मोकळे. साईटवर वायर वाढते ती मधल्या सेन्सरची, शेवटी ओढत न्या मग.

नऱ्ह्याचा_एक्सेलवाला
हे मात्र पटलं. माझ्या एक्सेलमध्येही स्पेअर शेवटीच असतात. गप्प बसतो. (थोडा वेळ.)

डिनरेल३५
धागा भलतीकडे गेलाय. एका टर्मिनलला दोन डिव्हाइस छापलं जाणं हा हाताने टेबल भरण्याचाच रोग आहे, माझंच म्हणणं सिद्ध होतंय. हा माझ्या चालू जॉबचा तुकडा. एडिटरमधून काढलाय, हात लावलेला नाही (एक्स३ ही स्ट्रिप, के रिले, वायव्ही सोलेनॉइड, पीई म्हणजे अर्थ):

एक्स३:११ | आत के४:१४ | वायर २११ | बाहेर वायव्ही४:१
एक्स३:१२ | आत ० व्ही | वायर २०० | बाहेर वायव्ही४:२ | जंपर १२–१३
एक्स३:१३ | आत — | वायर २०० | बाहेर वायव्ही५:२
एक्स३:पीई | आत अर्थ बार | बाहेर वायव्ही४:पीई, वायव्ही५:पीई

जंपरही आलाय, बघून घ्या.

पिवळा_हायलायटर
जंपर दिसला, बरं वाटलं. शेवटची ओळ बघा साहेब. एका पीईवर बाहेरून दोन अर्थ.

गुरुवारची_सुट्टी
अरेरे. आयईसी ६०२०४-१ या मशीनच्या विद्युत सुरक्षेच्या मानकात स्पष्ट आहे: एका जोडबिंदूला एकच अर्थ वायर. बाकीच्या वायरना टर्मिनल तसं बनवलेलं असेल तर दोन चालतात, अर्थला नाही. एफएटीला (पाठवण्याआधी कारखान्यात होणाऱ्या चाचणीला) पहिलं हेच धरतात.

चाकणकर_डिझाइन
बघा, शेवटी वायरमननेच पकडलं. हायलायटर, वरचं जरा जास्त बोललो. पण फोनचं म्हणणं मागे घेत नाही.

डिनरेल३५
सापडलं. दोन सोलेनॉइडना स्कीमॅटिकवर मी एकच पीई टर्मिनल दिलं होतं. कॅटलॉगच्या त्या रकान्यातही दोन भरलंय, मीच. दादा, आभारी आहे. पॅनल अजून वायरिंगला गेलेलं नाही.

नऱ्ह्याचा_एक्सेलवाला
वाढवा एक पीई, करा रीबिल्ड. रेलची लांबीही बदलेल, विसरू नका. मी घड्याळ लावून बसलोय, अर्धा तास देतो.