प्रतिसाद: शंकू जोडाला का बसत नाही

पत्रा कापून, वळवून केलेला शंकू जोडाला का बसत नाही, या प्रश्नावर वरच्या उत्तरात म्हटलंय: कागदी साचा नीट जुळतो, पण पत्र्याचा शंकू मोठा होतो, म्हणजे कापण्यातच चूक. मला नाही पटत. कागदाला जाडी जवळपास नसते, पत्र्याला असते. साचा बाहेरच्या व्यासावर न काढता मधल्या व्यासावर, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या मधोमध धरलेल्या व्यासावर काढा. बाहेरून व्यास ५० मिमी हवा आणि पत्रा १ मिमी असेल, तर परीघ ४९ वर धरायचा: १५७ ऐवजी साधारण १५४ मिमी. माझे पहिले दोन शंकू या ३ मिमीपायीच वाया गेले, फार जीव तुटला होता.

आणि वळवताना आधी दोन्ही कडा वाकवून घ्या, मग मधला भाग. नाहीतर दोन कडा जुळतात तिथे त्या सपाट राहतात आणि शंकू थेंबाच्या आकाराचा होतो. टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारल्यावर ते ठोकून सरळ करणं फार जिकिरीचं.