आंबोलीत बारा महिने राहायचं तर हवा कशी असते?

दादरकर_धाकटा:
बाबांनी ठरवलंय, आता आंबोलीला आजोबांच्या कौलारू घरात राहायला जायचं. वय 68, दम्याचा जुना त्रास. आम्ही आजवर तिथे फक्त मे महिन्यात गेलोय. पंखा लागत नाही, संध्याकाळी शाल घ्यावी लागते. बाबांना वाटतं, छातीला आराम पडेल. पावसाळ्यात जमेल का? तिथल्या लोकांनी सांगावं.

चौकुळवाट:
मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन इकडे आले त्याला 22 वर्षं झाली. माहेरी पाऊस कमी होता असं नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. इथे सात हजार. समुद्रावरचं वारं सह्याद्रीला अडतं, वर चढताना गार होतं आणि पाणी इथेच, 690 मीटर उंचीवर ओतून टाकतं. पलीकडे आजऱ्याला जाईस्तोवर जोर बराच उतरलेला असतो.

पण त्रास पावसाचा नाही, ओलीचा. आर्द्रा लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, धुकं दारातून आत येतं. मीठ पाझरतं, काडी पेटत नाही. पहिल्या वर्षी मी लग्नाचा शालू लाकडी कपाटात ठेवला. गणपतीला काढला तर घडीघडीवर काळे ठिपके, ते आजतागायत निघाले नाहीत. आता चांगले कपडे, कागदपत्रं सगळं पत्र्याच्या पेटीत, चुलीच्या खोलीत.

दम्याला हीच बुरशी बाधते. माझ्या सासऱ्यांना दमा होता. जूनपासून दसऱ्यापर्यंत ते सावंतवाडीला नणंदेकडे असायचे. तिथे त्यांना करमायचं नाही. रोज फोन करून विचारायचे, "ऊन पडला काय गो?"

तांबडी_माती:
दवाखान्याचाही विचार करा. सावंतवाडी तीसेक किलोमीटर, पण घाटात दरड आली की रस्ता बंद. वीजही जाते, मग वाफ घ्यायचं यंत्र कशावर चालवणार? आणि विहीर बघितलीत का? एवढा पाऊस पडूनही उतारावरचं पाणी वाहून जातं, मे महिन्यात तळ दिसतो.

दादरकर_धाकटा:
विहिरीत कमरेएवढंच पाणी होतं, तेव्हा लक्षात आलं नाही. बाबांना सगळं वाचून दाखवलं. शालूचं ऐकून गप्प झाले. पण जायचंच म्हणतात.

चौकुळवाट:
मग दसरा झाल्यावर आणा. तेव्हापासून थंडीपर्यंत इथल्यासारखी हवा नाही. सकाळी गवतावर दव असतं, तेवढं ऊन वर येऊ दे, मग त्यांना बाहेर फिरू द्या. घराची पश्चिमेची भिंत आधी बघा, झड तिथेच बसते. ती बाजू पत्र्याने झाकून घ्या. बाबांची खोली पूर्वेकडे, चुलीला लागून करा. लाकडं एप्रिलमध्येच आत घ्या. 2025 ला पाऊस 25 मेलाच देवगडात पोचला, मृगाच्या भरवशावर राहिलो आणि आमची अर्धी लाकडं अंगणात भिजली. जूनला मात्र बाबांना खाली न्या. ते नाही म्हणतील, आमचेही म्हणायचे.