नवीन टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन लावायला जागाच नाही, व्हीसीआर आणि जुना ॲम्प कसा जोडू?

आश्लेषा_दादर:
नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय पण प्लीज वाचा. गेल्या महिन्यात ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, भिंतीवर ठोकून झाला आणि मग कळलं की मागे पिवळी-लाल-पांढरी भोकंच नाहीत. ३ एचडीएमआय, १ ऑप्टिकल आणि हेडफोनसारखं एक बारीक भोक, त्यावर एव्ही इन लिहिलंय. बाबांचा व्हीसीआर अजून चालतो आणि आमच्याकडे १९९४ च्या गणपतीची कॅसेट आहे, त्यात आजी आरती म्हणतेय. तिचा आवाज असलेली घरात तेवढी एकच वस्तू. यंदा काका, आत्या सगळे येणार आहेत, त्यांना दाखवायचीय. लॅमिंग्टन रोडवरून कन्व्हर्टर आणला, जोडला तर नो सिग्नल, दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

दुसरं म्हणजे बाबांचा स्टिरिओ ॲम्प, लाल-पांढऱ्या पिनांचा, सोबत दोन लाकडी स्पीकर. टीव्हीचे स्पीकर भिंतीकडे तोंड करून बसलेत, बाबांना बातम्यांतले शब्दच कळत नाहीत हो. म्हणून ऑप्टिकलवरून लाल-पांढरी काढणारा डबा घेतला, त्यातून नुसती खरखर येते. काय चुकतंय?

कुर्ला_टू_कर्जत:
कन्व्हर्टरवर काय छापलंय ते आधी बघा. एचडीएमआय टू एव्ही असेल तर तो तुमच्या कामाचा नाही, तो नव्या बॉक्समधून जुन्या टीव्हीत न्यायचा असतो. तुम्हाला एव्ही टू एचडीएमआय पाहिजे. दोन्ही डबे दिसायला सेम, पण सिग्नल एकाच दिशेने जातो, उलटा लावून चालत नाही. आणि त्याला यूएसबीची ५ व्होल्टची पॉवर द्यावीच लागते.

आश्लेषा_दादर:
बघितलं. एचडीएमआय टू एव्हीच आहे 😞

लालबागचा_मेकॅनिक:
बेटा, नवीन काही घेऊ नकोस अजून. ते बारीक एव्ही इनचं भोक आहे ना, त्यात पिवळा-लाल-पांढरा तिन्ही जातात. त्याला ३ काळ्या रिंगांची पिन लागते, हेडफोनची साधी २ रिंगवाली नाही चालणार. टीव्हीच्या खोक्यात नसेल तर जुन्या हॅंडीकॅमची वायर शोध. फक्त प्रत्येक कंपनीचं वायरिंग वेगळं, त्यामुळे पिवळ्यावर चित्र नाही आलं तर व्हीसीआरचा व्हिडिओ लाल पिनेला लावून बघ, मग पांढऱ्या. तेही नाही जमलं आणि टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर, म्हणजे जुन्या पद्धतीचे चॅनल पकडायची सोय, असेल तर व्हीसीआरच्या आरएफ आउटची (अँटेनासारखा सिग्नल देणाऱ्या भोकाची) वायर सरळ अँटेनाच्या भोकात घालून चॅनल शोधायचा, ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईतली ॲनालॉग केबल गेली तोवर आपण केबल तशीच बघत होतो की.

पण त्याआधी एक काम कर, कॅसेट लगेच आत टाकू नकोस. पुढची झडप उघडून टेपच्या कडेवर टॉर्च मार, कॅसेटच्या खिडकीतूनही बघ. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळी हवेत कपाटात ठेवलेल्या कॅसेटला हमखास लागते. तशीच चालवलीस तर व्हीसीआरचा हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, घाणीने भरतो, टेपही चिरडते, आणि आजीचा आवाज परत मिळणार नाही. आधी साफ करून घे. आणि चालवशील तेव्हा यूएसबी कॅप्चर (व्हीसीआरचं चित्र-आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा छोटा डबा) लावून लॅपटॉपवर उतरवूनच घे, कारण जगातल्या शेवटच्या कंपनीने, फुनाईने, २०१६ सालीच व्हीसीआर बनवणं बंद केलं, हा बिघडला तर पार्ट शोधत बसावं लागेल.

आवाज_कमी_करा:
खरखरीचं मी सांगतो, माझंही सेम झालेलं, दोन रविवार गेले त्यात. ऑप्टिकलमधून आवाज आकड्यांच्या रूपात जातो आणि तुमच्या डब्याला फक्त पीसीएम, म्हणजे दाबून न भरलेला साधा डिजिटल आवाज, समजतं. टीव्ही डॉल्बी (दाबून भरलेला आवाज) किंवा ऑटोवर असला की डबा ते उलगडू शकत नाही, मग खरखर नाहीतर शांतता. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम करा. ॲम्पच्या मागे पिना ऑक्स किंवा टेपमध्ये घाला, फोनोमध्ये अजिबात नको, ते रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे, आवाज फाटतो. आणि बाबांना आधीच सांगून ठेवा, बऱ्याच टीव्हींवर ऑप्टिकलचा आवाज रिमोटने कमीजास्त होत नाही, ॲम्पचं बटणच फिरवावं लागतं.

सिद्धेश०७:
मधेच विचारतो, सेट टॉप बॉक्ससाठी २.१ लिहिलेली महाग एचडीएमआय केबल घ्यायला सांगतायत दुकानात. घेऊ का?

कुर्ला_टू_कर्जत:
नको. केबलवर आकडा लिहायची पद्धतच अधिकृत नाही, नाव बघायचं. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. एचडी सेट टॉप बॉक्सला साधी हाय स्पीड पुरते. गेम कन्सोल फोर-के १२० हर्ट्झवर चालवायचा असेल तरच अल्ट्रा, तीपण पॅकवर क्यूआरवालं लेबल असलेली.

आश्लेषा_दादर:
मंडळी, झालं!! पीसीएम केल्यावर खरखर एका सेकंदात गेली, बाबा ॲम्पशेजारीच खुर्ची टाकून बसलेत. कॅसेटच्या कडेला थोडे ठिपके होते, लालबागच्या काकांनी सांगितलं तशी आधी साफ करून घेतली, मग लावली. पिवळ्यावर काहीच नाही, लाल पिनेवर चित्र आलं. लॅपटॉपवर कॉपीपण झाली. फक्त चित्राच्या तळाशी एक बारीक पट्टी सतत थरथरतेय, टेप खराब झाली का?

लालबागचा_मेकॅनिक:
नाही गं, टेप ठीक आहे. व्हीसीआरमध्ये एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना ती रेघ येते, १९९४ मध्येही होती. जुना डबा टीव्ही चित्राच्या कडा चौकटीच्या आड ढकलायचा म्हणून दिसत नव्हती. कॉपी पेन ड्राइव्हवर घालून एक काकांना, एक आत्यांना देऊन ठेव.